कर्करोग : धोका ओळखू या, धोका कमी करू या

संस्थेच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे, जमाखर्च आणि देणग्या यांचा तपशील असतो. त्याच्या जोडीने एका तरी आरोग्यविषयाची सविस्तर माहिती वाचकांच्या हाती जावी, या हेतूने हा अभ्यासलेख देत आहोत. अहवालाचे वाचक म्हणजे आमचे सभासद, देणगीदार, कार्यकर्ते, शिक्षक आणि हितचिंतक. त्यांच्या शब्दाला घरात आणि गावात वजन असते. म्हणूनच येथील माहिती वाचून बाजूला न ठेवता चार घरी सांगितली जावी, अशी आमची अपेक्षा आहे.

कर्करोग हा शब्द ऐकताच मनात दोन विचार येतात. पहिला असा की, हा रोग नशिबाने होतो, त्यापुढे कोणाचे काही चालत नाही. दुसरा असा की, हवा, पाणी, अन्न सारेच दूषित झाल्यामुळे तो आता कोणालाही होणार. दोन्ही विचारांचा परिणाम एकच. माणूस हातपाय गाळून बसतो. वस्तुस्थिती इतकी निराशाजनक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, आज हाती असलेल्या ज्ञानाच्या बळावर एकूण कर्करोगांपैकी ३० ते ५० टक्के टाळता येण्यासारखे आहेत. आपल्या महाराष्ट्रात या टाळता येण्याजोग्या ओझ्याचा मोठा भाग तंबाखू आणि सुपारी यांच्या रूपाने अक्षरशः तोंडात ठेवलेला असतो. शिवाय आपल्याकडे वारंवार आढळणाऱ्या तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या कर्करोगांची सुरुवातीची चिन्हे डोळ्यांनी, हाताने किंवा साध्या तपासणीने ओळखता येतात. या लेखाचा भर याच दोन गोष्टींवर आहे.

कर्करोग कसा निर्माण होतो?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम प्रत्येक पेशीत असलेल्या जनुकांच्या आज्ञेनुसार चालते. तंबाखूतील रसायने, काही विषाणू, किरणोत्सर्ग अशा कारणांनी, तर कधी केवळ योगायोगाने, या आज्ञांमध्ये बिघाड होतो. बहुतेक बिघाड शरीर स्वतःच दुरुस्त करते. जे राहून जातात ते वर्षानुवर्षे साठत जातात, आणि एखादी पेशी नियंत्रण झुगारून अमर्याद वाढू लागते. या प्रक्रियेला सामान्यतः दहा, वीस, कधी तीस वर्षेही लागतात. म्हणून वय वाढते तसे कर्करोगाचे प्रमाण वाढते. आणि म्हणूनच पंधराव्या वर्षी लागलेल्या सवयीची किंमत पंचेचाळिसाव्या वर्षी मोजावी लागते. हा लांबलेला काळ फसवा असतो, कारण त्यात काहीच दुखत नाही. मात्र हाच काळ आपल्याला सवय सोडण्याची आणि रोग वेळेवर पकडण्याची संधीही देतो.

प्रतिबंधासाठी रोगाची संपूर्ण उकल होण्याची वाट पाहावी लागत नाही, हे या शास्त्राच्या इतिहासातही दिसते. १७७५ साली लंडनमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये आढळणाऱ्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. जनुक म्हणजे काय हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते. परंतु काजळी टाळावी, अंग स्वच्छ ठेवावे, हे समजण्यासाठी तेवढे ज्ञान पुरेसे होते. आपल्या देशात मुंबई येथे १९६३ साली आणि ग्रामीण भागासाठी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली. कोणत्या भागात, कोणाला, कोणता कर्करोग होतो याचे चित्र अशा नोंदींमुळेच स्पष्ट होत गेले.

'धोका' या शब्दाचा अर्थ

वैद्यकशास्त्रात धोका म्हणजे भाकीत नव्हे. ती शक्यता असते. "आमचे आजोबा ऐंशी वर्षे जगले, अखेरपर्यंत तंबाखू खात होते, त्यांना काही झाले नाही," हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. नदीला पूर आला असताना एखादा माणूस पाण्यातून चालत सुखरूप पैलतीरी पोहोचला, म्हणून पूर नव्हता असे कोणी म्हणत नाही. जे वाहून गेले ते सांगायला परत येत नाहीत, एवढेच. उलट, निर्व्यसनी माणसालाही कर्करोग होऊ शकतो. अशा रुग्णाला "तुम्ही काय केले होते?" असे विचारणे अन्यायाचे आहे.

वर्तमानपत्रात 'अमुक पदार्थाने कर्करोगाचा धोका दुप्पट' असे मथळे येतात. ते वाचताना थोडे गणित करावे. समजा, एखादा रोग हजारात दोघांना होतो. धोका दुप्पट झाला तर तो हजारात चौघांना होईल. उरलेल्या ९९६ जणांना होणार नाही. म्हणून कोणत्याही कारणाबाबत चार प्रश्न विचारावेत. धोका किती पटीने वाढतो? मूळ रोग किती जणांना होतो? ते कारण किती लोकांमध्ये आढळते? आणि ते दूर करणे आपल्या हाती आहे का? या चारही प्रश्नांच्या कसोटीवर तंबाखूइतके ठळक उत्तर दुसऱ्या कोणत्याही कारणाचे येत नाही. तिचा धोका मोठा, तिच्यामुळे होणारे रोग आपल्याकडे नेहमीचे, तिची सवय घरोघर, आणि ती सोडणे अवघड असले तरी शक्य.

तंबाखू, मिसरी आणि सुपारी

२०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. विडी-सिगारेट ओढणारे त्यात ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडील तंबाखू मुख्यत्वे धुराविना वापरली जाते. तिची रूपेही प्रांताप्रांताने बदलतात. कोठे तळहातावर चुना लावून मळलेली, कोठे मावा, विदर्भात खर्रा, कोठे पानात, कोठे तपकीर.

या सर्वांत सर्वाधिक दुर्लक्षित रूप म्हणजे मिसरी किंवा मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने दातांना व हिरड्यांना लावायची. ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये ही प्रथा फार जुनी आहे. दाढ दुखली म्हणून सुरुवात होते, पुढे "त्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणून ती चालू राहते. बाह्यरुग्ण विभागातील एक संवाद आम्हांस पाठ झाला आहे. "आजी, तंबाखूची सवय आहे का?" "नाही हो बाई, तंबाखूला मी कधी शिवले नाही. सकाळ-संध्याकाळ मिसरी तेवढी लावते." यात आजी खोटे बोलत नाहीत. मिसरी हे त्यांच्या लेखी दंतमंजन आहे. म्हणून आमच्या परिचारिका आता "तंबाखू खाता का?" असे न विचारता "दात कशाने घासता?" असे विचारतात. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनीही हाच प्रश्न विचारावा. मिसरी ही शंभर टक्के तंबाखूच आहे. भाजल्याने तिच्यातील घातक द्रव्ये जात नाहीत. गरोदरपणात ती लावल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यताही वाढते.

धूररहित तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये असतात. गोळी गाल व हिरडी यांच्या खाचेत तासन् तास राहते आणि ही द्रव्ये तेथील नाजूक आवरणात झिरपतात. चुन्यामुळे निकोटिन लवकर शोषले जाते, म्हणून तलफ पक्की होते. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग पुष्कळदा गाल व हिरडी यांच्या याच खाचेत सुरू होतो, त्याचे कारण हेच आहे.

सुपारीबाबत फार मोठा गैरसमज आहे. "तंबाखू नाही, नुसती सुगंधी सुपारी आहे," असे सांगून ती लहान मुलांच्याही हातावर ठेवली जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले आहे. सुपारीमुळे तोंडातील आवरणाखाली तंतू साठतात, गाल ताठ होतात, तिखट लागताच आग होते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. महाराष्ट्रात गुटखा व पानमसाल्यावर २०१२ साली बंदी आली. तरीही विशीतील तरुण तोंड न उघडण्याची तक्रार घेऊन येतात, तेव्हा बंदीची कागदावरील रेघ आणि टपरीवरील पुडी यांतील अंतर लक्षात येते.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हाही भ्रमच आहे. विडी व सिगारेट दोन्ही फुफ्फुस, स्वरयंत्र, अन्ननलिका, मूत्राशय अशा अनेक अवयवांच्या कर्करोगास कारण ठरतात. तंबाखूच्या जोडीला मद्य आले की तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाच्या धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो जणू गुणाकाराने वाढतो. केवळ मद्य हेदेखील कर्करोगाचे सिद्ध कारण असून, त्यापासून यकृत, मोठे आतडे व स्तन यांनाही धोका असतो. कर्करोगाच्या दृष्टीने सुरक्षित म्हणावे असे मद्याचे प्रमाण नाही.

आरशासमोर दोन मिनिटे

तोंडाचा कर्करोग बहुधा एकाएकी होत नाही. आधी पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो. लाल चट्टा अधिक गंभीर समजावा. तंबाखू वा सुपारी वापरणाऱ्या अथवा पूर्वी वापरलेल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा, चूळ भरून, भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहावे. दोन्ही गालांची आतील बाजू, ओठ उलटून हिरड्यांची खाच, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून तिच्याखालचा भाग आणि टाळू असे क्रमाने पाहावे. मग स्वच्छ बोटाने कोठे गाठ किंवा टणकपणा लागतो का ते चाचपावे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, तेही पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, चट्टा, दात काढल्यावर न भरणारी जखम, विनाकारण हलू लागलेला दात, गिळताना त्रास किंवा मानेत गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. व्रण दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा दुखतच नाही.

डोळ्यांनी केलेली ही साधी तपासणी किती मोलाची आहे, हे केरळमधील तिरुवनंतपुरम येथील मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी ठराविक काळाने तोंड तपासल्याने तंबाखू वा मद्य वापरणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. रोग लहान असताना सापडला तर लहानशा शस्त्रक्रियेवर भागते. उशीर झाला तर जबडा काढावा लागतो, बोलणे व खाणे दुष्कर होते आणि घर कर्जात बुडते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग

हा कर्करोग जवळजवळ नेहमीच मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की, तो आढळला म्हणून कोणाच्या चारित्र्याविषयी शंका घेणे अज्ञानाचे लक्षण ठरेल. बहुतेक स्त्रियांमध्ये तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या स्त्रियांमध्ये तो टिकतो आणि पुढे पंधरा-वीस वर्षांत कर्करोग उद्भवू शकतो.

याविषयीचे एक महत्त्वाचे संशोधन आपल्याच मराठवाड्यात झाले, ही अभिमानाची बाब आहे. १९९९ पासून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा चार गटांत अभ्यास करण्यात आला. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीच्या सेवा व आरोग्यशिक्षण मिळाले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर चौथ्या गटात ६४. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या चाचणीचा हा परिणाम होता. मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पातळ ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

शासनाच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयास हवी. ती काही मिनिटांची असते आणि सहसा फारशी वेदना होत नाही. तरीही स्त्रिया येत नाहीत. संकोच, शेतीची कामे, "मला काही होत नाही, मग कशाला?" ही कारणे आम्ही जाणतो. परंतु काही होत नसतानाच ही तपासणी करावयाची असते. शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ही लक्षणे असतील तर मात्र तपासणीच्या फेरीची वाट न पाहता लगेच यावे. ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींसाठी एचपीव्ही प्रतिबंधक लस सर्वाधिक उपयुक्त असते. पुण्यात तयार झालेली भारतीय लसही २०२३ पासून उपलब्ध आहे. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे योग्य वयात तपासणी करून घ्यावी.

स्तनाचा कर्करोग

या रोगाची काही कारणे आपल्या हाती नसतात. वाढते वय, लवकर सुरू झालेली व उशिरा थांबलेली पाळी, घरातील पूर्वेतिहास ही ती कारणे. एकूण कर्करोगांपैकी आनुवंशिक कर्करोग सुमारे ५ ते १० टक्केच असतात. त्यामुळे घरात कोणाला नाही म्हणून निश्चिंत राहू नये, आणि आई किंवा बहीण यांना असेल तर घाबरून न जाता लवकर सल्ला घ्यावा. स्तनपानाने धोका काहीसा कमी होतो. पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा आणि मद्य यांनी तो वाढतो.

स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, आकारात नव्याने पडलेला फरक यांकडे लक्ष ठेवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. मुंबईतील दीर्घ अभ्यासाचे २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित कार्यकर्तीने हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडतो आणि पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात.

काही इतर कारणे

हिपॅटायटिस 'बी'च्या दीर्घ संसर्गाने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. नवजात बालकास पहिल्या चोवीस तासांत दिली जाणारी लस चुकवू नये. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका यांत यकृतास घातक असे विष असते. असे धान्य निवडून खाण्यापेक्षा टाकून द्यावे. चुलीचा धूर फुफ्फुसांना निश्चितच अपायकारक आहे. स्वयंपाकघरात धूर जाण्यास वाट असावी. बैठे काम आणि वाढलेले पोट हे शहरांबरोबर आता तालुक्याच्या गावांतही नवे धोके होऊ पाहत आहेत.

गैरसमज दूर करू या

कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रुग्णाचे भांडे वेगळे ठेवणे ही त्याला दिलेली दुसरी शिक्षा आहे. "सुई लावली की तो भडकतो," ही समजूतही निराधार आहे. तुकडा तपासल्याशिवाय निदान नाही, आणि निदानाशिवाय उपचार नाही. या एका समजुतीपायी झाडपाल्यावर महिने घालवून आलेले रुग्ण पाहणे आमच्या वाट्याला वारंवार येते.

रोजच्या जीवनात काय करावे?

१. घरातील मिसरीची डबी, तंबाखूची पिशवी व सुपारीचे तबक आजच काढून टाकावे. पाहुण्यांपुढे बडीशेप, लवंग, वेलची ठेवावी.

२. सोडण्याचा दिवस ठरवून घरात सर्वांना सांगावा. पहिले काही दिवस चिडचिड, बेचैनी, बद्धकोष्ठता होते. दोन-तीन आठवड्यांत ती बरीच ओसरते. तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, कामात मन गुंतवावे. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.

३. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली तर खचू नये. अनेकांना ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुटते.

४. मुलांना दुकानातून तंबाखू किंवा सुपारी आणायला पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

५. रोज अर्धा तास भरभर चालावे. जेवणात भाज्या, फळे, कडधान्ये व ज्वारी-बाजरीची भाकरी असावी.

६. तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची ठराविक काळाने तपासणी करून घ्यावी. गावातील आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे याची माहिती मिळते.

७. पैशाअभावी तपासणी लांबवू नये. निदान झाल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांतून साहाय्य मिळू शकते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करावी.

शेवटी एवढेच निवेदन करावेसे वाटते. रुग्णालयाच्या नव्या यंत्रासाठी देणगी देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोतच. परंतु शेजारच्या एका भगिनीची मिसरी सोडवणे, किंवा संकोचणाऱ्या आईला सोबत घेऊन तपासणीस येणे, हे दानही आमच्या लेखी तितक्याच मोलाचे आहे. त्याची पावती आम्हांस देता येणार नाही. तरी येत्या वर्षात प्रत्येक वाचकाने असे एक तरी काम हाती घ्यावे, ही नम्र विनंती.